जिथलं तिथं

आमच्या घरात ससे आले ते एका थापेवर. नांदेडच्या बाजारात विकणाऱ्याने छातीवर हात ठेवून माझ्या नातवाला सांगितले, "दोन्ही नर आहेत." नातवाने विश्वास ठेवला, त्याच्या बापाने पैसे मोजले आणि पिंजरा हिमायतनगरात आमच्या ओसरीवर येऊन बसला. निसर्गाने मात्र विक्रेत्याचे म्हणणे ऐकले नव्हते. अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी त्यांतली 'कापशी' आपल्याच छातीचे केस उपटून तोंडाने कोपऱ्यात नेऊ लागली. तिला खरूज झाली, असे आम्ही एकमताने ठरवून टाकले. दुसऱ्या दिवशी गणपती उठवायच्या गडबडीत त्या केसांच्या ढिगात काहीतरी वळवळले. पाहतो तो सहा पिल्ले! गुलाबी, उघडीनागडी, डोळे मिटलेली; माझ्या अंगठ्याहून जराशी मोठी.

आता घर म्हटले की मते आलीच. शेजारच्या काकू म्हणाल्या, "हात लावू नका, माणसाचा वास लागला की माय पिल्लाला टाकते." सूनबाई म्हणाली, "टाकायचं काय राहिलंय? ती तर दिवसभर तिकडे ढुंकूनही बघत नाही." आणि आमच्या सौभाग्यवती वातीचा कापूस व वाटीभर गाईचे दूध घेऊन दारात उभ्या राहिल्या.

ती वात पाहिली आणि माझ्या पोटात कालवले. "दूध आत ठेव," मी जरा जोरातच म्हणालो. घरात माझा आवाज सहसा चढत नाही. नातू माझ्याकडे पाहतच राहिला.

त्याला त्या वेळी काही सांगितले नाही. आज सांगतो.

१९६० साल. मी नऊ वर्षांचा होतो. गावाचे नाव बदलून बरीच वर्षे झाली होती, निजामाचे राज्यही १९४८ सालीच गेले होते. पण म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून 'वाढोणा'च होते. दिवाळीच्या तोंडावर आमच्या शेतात ज्वारीची काढणी चालली होती. बायका ओळीने कापीत पुढे जात होत्या आणि उभे पीक आक्रसत आक्रसत चार हातांवर आले होते. त्या शेवटच्या तुकड्यात, धुऱ्याच्या कडेला, गवतात एक सशाचे पिल्लू बसलेले मला दिसले. अंगावर भुरी लव, डोळे टक्क उघडे. मी वाकलो तरी ते हलले नाही. मला वाटले, पोर माझीच वाट पाहत बसले आहे.

मी ते टोपीत घातले. आमचा सालगडी कडब्याच्या पेंढ्या बांधीत होता. त्याने पाहिले आणि म्हणाला, "बापू, ठेव जिथलं तिथं. अंधार पडला की येतीय त्याची माय."

मी ठेवले नाही. सालगड्याचे काय ऐकायचे, असे माझ्या नऊ वर्षांच्या डोक्यात आलेच नसेल असे मी शपथेवर सांगू शकत नाही. मी ते घरी आणले, डाल्याखाली ठेवले, चिंध्यांची गादी केली. दूध ते पीत नव्हते, म्हणून त्याचे तोंड बोटांनी उघडून वातीने थेंब थेंब सोडले. दर घटकेला डाले उचलून मी त्याला कुरवाळत होतो. जितके प्रेम मला करता येत होते तितके मी केले. त्याचे पोट फुगले, हगवण लागली आणि भाऊबिजेच्या सकाळी ते गार झालेले सापडले. मोठी माणसे म्हणाली, "त्याची माय टाकूनच गेली होती रे, तू तरी काय करणार?" या समजुतीवर मी साठाहून अधिक वर्षे सुखाने काढली.

कापशीची पिल्ले झाली त्या दिवशी जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारायला गेलो आणि ते सुख संपले. डॉक्टर वयाने माझ्या मुलाएवढे. म्हणाले, "आजोबा, सशीण पिल्लांजवळ बसत नाही, ती तिची रीतच आहे. दिवसाकाठी एकदा, क्वचित दोनदा, बहुधा रात्री नाहीतर पहाटे, चार-पाच मिनिटांत ती पाजून मोकळी होते. सारखी जवळ राहिली तर तिच्या वासाने कोल्ह्यामांजराला घरटे सापडेल. तिचे लांब राहणे हीच तिची राखण."

मी दबकत विचारले, "आणि रानातला ससा?"

"तो निराळा प्राणी. मराठीत दोघांनाही आपण ससाच म्हणतो. पण पिंजऱ्यातले हे पांढरे ससे मूळचे युरोपातले, बिळात राहणाऱ्या जातीचे. त्यांची पिल्ले आंधळी आणि उघडी जन्मतात. आपल्या शिवारातल्या सशाचे पिल्लू लव आणि उघडे डोळे घेऊनच येते. आई त्याला गवतात ठेवून दिवसभर दूर राहते, अंधार पडल्यावर पाजायला येते. ते पळत नाही, कारण निपचित बसणे हेच त्याचे संरक्षण."

म्हणजे सालगड्याचेच शब्द, मधे एवढी वर्षे टाकून! ते पिल्लू माझी वाट पाहत नव्हते; ते जीव मुठीत धरून बसले होते. आणि त्या रात्री धुऱ्यावर कोणी तरी येऊन रिकामे गवत हुंगून गेले असणार. ससेहोलपट हा शब्द मी आयुष्यभर वापरला. तो कोणावर बेतला आहे, हे त्या दिवशी कळले.

घरी येऊन मी डॉक्टरांचा हुकूम जाहीर केला. नर वेगळ्या पिंजऱ्यात, कारण सशीण व्याल्याबरोबर पुन्हा गाभण राहू शकते. दूध पूर्ण बंद. पाहणी दिवसातून एकदाच, आणि तीही कापशीपुढे पालेभाजी टाकून तिचे लक्ष दुसरीकडे असताना. आधी हात धुवायचे, मग तिच्याच गवतात चोळायचे. पाळलेली सशीण माणसाच्या नुसत्या वासाने पिल्ले टाकीत नाही. पण उगाच बिचकवायची कशाला? पाहायचे ते एवढेच : पोटे गोल आहेत ना, अंग ऊबदार आहे ना, कोणी घरट्याबाहेर गार पडलेले नाही ना. पोट सुरकुतलेले दिसले तर मात्र वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

नातवाचे हात शिवशिवत होते. "आबा, मग हातात कधी घ्यायचं?"

"पंचांग बघ," मी म्हणालो.

आणि खरोखरच पंचांगाबरहुकूम सारे झाले. आठवड्यात लव आली. पितृपंधरवड्यात, अकराव्या दिवशी, पहिल्याने डोळे उघडले. घट बसले त्याच्या दोन-तीन दिवसांत पिल्ले घरट्याबाहेर लुटूलुटू येऊ लागली. तेव्हा मी नातवाला जमिनीवर मांडी घालून बसवले. उभ्याने घ्यायचे नाही; हातातून निसटले तर ती उंची त्याला कड्याएवढी. कान धरून उचलणे तर पापच. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि अंगाशी धरायचे. नाहीतर घाबरून ते अशी लाथ झाडते की स्वतःचाच कणा मोडून घेते. उताणे करायचे नाही; त्या वेळी ते शांत दिसते, पण तो शांतपणा भीतीचा असतो. पाच मिनिटे झाली की परत आईकडे. आणि आठ आठवड्यांचे होईतो तिच्यापासून तोडायचे नाही, मग मागणारा कितीही जवळचा पाहुणा असो.

नातू दोन दिवस नुसताच बसून राहिला. तिसऱ्या दिवशी एक पिल्लू आपण होऊन त्याच्या मांडीवर चढले. त्याचा चेहरा पाहून मला माझी टोपी आठवली.

दसऱ्यानंतर शेतात सोयाबीन काढणीचे यंत्र आले. यंत्रापुढे चालणाऱ्या मजुराने हाक मारली. गवतात तसेच पिल्लू, तसेच टक्क डोळे. नातू धावला आणि दोन हातांवर थबकला. हात त्याने पाठीमागे बांधले. यंत्राच्या वाटेतून त्याला हलवणे तर भाग होते. मी मूठभर गवतासकट अलगद उचलून दहा-बारा पावलांवर धुऱ्याच्या सावलीत ठेवले आणि आम्ही मागे न पाहता निघालो. रानातला ससा धरणे नि पाळणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे नातवाला सांगणार होतो. पण त्याला कायद्याची गरज दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवत रिकामे होते.

"आबा, त्याची माय येऊन घेऊन गेली," नातू म्हणाला.

माय आली की कोल्हा आला, हे त्या धुऱ्यालाच ठाऊक. पण या वेळी निदान मायला यायला वाट मोकळी होती. मी म्हणालो, "हो, अंधार पडला की येतीय ती."