घरची मुलाखत

माझा एक भाचा विलायतेत असतो. दर दोन-तीन वर्षांनी हिवाळ्यात तो नाशकाला येतो, आठ दिवस मामीच्या हातचे खातो आणि परत जातो. या खेपेला तो एकटाच आला. का, ते त्याने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो म्हणाला, "मामा, इथे निवांत बोलत बसायला एखादा पब आहे का हो?"

मी चपापलो. सारा जन्म पंचवटीत काढलेल्या आणि बहात्तरी ओलांडलेल्या माणसाला हा प्रश्न कुणी आजवर विचारला नव्हता. तसे म्हणाल तर आता नाशकात काय नाही? एकेकाळी लोक येथे रामकुंडावर स्नानाला येत, अजूनही येतात. पण गेल्या पंचवीस वर्षांत गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षांपासून वाइन करणारे मळे उभे राहिले आणि मुंबईची मंडळी शनिवार-रविवार तिकडेही वळू लागली. तीर्थाचे दोन प्रकार झाले, इतकेच.

"असतील रे पुष्कळ," मी म्हटले, "पण तिथे मोठमोठ्याने गाणी लावतात म्हणे. मग बोलणार कसं?"

"तसला नव्हे हो, मामा. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक जुना पब आहे. लाकडी बाकं, मंद दिवे. तिथे एक म्हातारे पत्रकार येऊन बसतात. लोकांच्या मुलाखती घेण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांच्यासमोर कधी नळ दुरुस्त करणारा असतो, कधी डॉक्टर, कधी बसचा ड्रायव्हर. एक पेला दोन तास पुरवतात आणि समोरच्याला बोलतं करतात. मी शेजारच्या टेबलावर बसून ऐकत असतो."

"तुला केलं का कधी बोलतं?"

"नाही. मी त्यांच्या टेबलावर कधी बसलोच नाही."

हे वाक्य त्याने फार सहज उच्चारले. पण मला ते सहज वाटले नाही. मी पायांत चपला सरकवल्या आणि म्हटले, "चल. पब नाही, पण गोदाकाठी माझ्या ओळखीचं एक चहाचं हॉटेल आहे. तिथला मालक गिऱ्हाइकाला उठवत नाही."

वाटेत मी त्याला सांगत होतो की, बोलते करण्याच्या या कलेचा आम्हा मराठी माणसांना भलताच शौक आहे. ऐकण्याची हौस तर आमची फार जुनी. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. आमच्या नाशकातही मे महिन्यात यशवंतराव महाराज पटांगणावर व्याख्यानमाला भरते. गोदावरीवरून वारा येत असतो आणि माणसे सतरंजीवर मांडी घालून ऐकत असतात. पण व्याख्यान ते व्याख्यान. वक्ता उंचावर उभा, आपण खाली. पुढे केव्हातरी व्यासपीठावर एका खुर्चीच्या दोन खुर्च्या झाल्या, आणि प्रकट मुलाखत जन्माला आली. मोठा माणूस भाषण करायचा थांबून गप्पा मारू लागला!

१९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि या दोन खुर्च्या आमच्या दिवाणखान्यात येऊन बसल्या. 'प्रतिभा आणि प्रतिमा' लागले की आमच्या वाड्यातली निम्मी मंडळी एका खोलीत जमत. त्यानंतरच्या काळात या कलेत ज्यांनी हयात घालवली, त्यांत पुण्याच्या सुधीर गाडगीळांचे नाव कुणालाही आधी आठवेल. त्यांच्या मुलाखतींची संख्या हजारांत मोजतात. गायक झाले, नट झाले, उद्योगपती झाले, पुढारी झाले. समोर कुणीही असो, यांच्या हातात कागद नाही आणि चेहऱ्यावर घाई नाही. मी त्यांना ऐकायला गेलो की पाहुण्यापेक्षा त्यांच्याकडेच पाहत असे. मोठ्या माणसाला ते मोठा प्रश्न क्वचितच विचारतात. विचारतात ते असे काही की, त्या माणसाला आपले लहानपणचे घर आठवावे, पहिला पगार आठवावा, आईची हाक आठवावी. एकदा का ते आठवले, की मग पाहुणा आपोआप चालू लागतो.

हे सगळे मी टाळ्या वाजवून पाहत होतो. घरी येऊन जेवत होतो. आणि ज्या माणसाशेजारी पाट मांडून जेवत होतो, त्याला मात्र आयुष्यात एकही प्रश्न विचारला नव्हता.

ते म्हणजे आमचे अण्णा, माझे वडील. १९४८ साली ते नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये लागले आणि १९८५ साली निवृत्त झाले. हिंदुस्थानची टपालाची तिकिटे पूर्वी लंडनहून छापून येत. हा छापखाना निघाला आणि १९२६ पासून ती नाशकात छापली जाऊ लागली. १९२८ पासून शेजारीच नोटाही छापू लागले. अशा ठिकाणी काम करणाऱ्या माणसाला कमी बोलण्याची सवय लागते. अण्णांना ती अंमळ जास्तच लागली. प्रेसमधली गोष्ट ते प्रेसमध्येच ठेवून येत. आणि बहुधा त्या गोष्टींबरोबर आपल्या स्वतःच्या गोष्टीही तिथेच ठेवून येत. सायकल भिंतीला टेकवायची, हातपाय धुवायचे, अडकित्ता घेऊन ओसरीवर बसायचे. कातरलेल्या सुपारीचा आवाज हाच त्यांचा आमच्याशी संवाद.

१९९७ साली त्यांची सत्तरी आली. मला वाटले, आता आपणही अण्णांची एक झकास प्रकट मुलाखत घ्यावी! मी दोन खुर्च्या मांडल्या, टेपरेकॉर्डर आणला, नातेवाइकांना बोलावले आणि घसा साफ करून विचारले, "अण्णा, सदतीस वर्षांच्या प्रदीर्घ सेवेकडे मागे वळून पाहताना आपल्याला काय वाटतं?"

अण्णा म्हणाले, "बरं वाटतं."

"आजच्या तरुण पिढीला आपण काय संदेश द्याल?"

"वेळेवर जेवा."

ती टेप अजून माझ्यापाशी आहे. एकूण अकरा मिनिटांची आहे. त्यातली नऊ मिनिटे मीच बोललो आहे.

त्यानंतर काही महिन्यांनी एका मित्राने मला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक वाचायला दिले. शिकागोचे स्टड्स टर्केल म्हणून एक गृहस्थ होते. आमचे तात्यासाहेब शिरवाडकर आणि ते एकाच सालचे, १९१२ चे. टर्केल यांनी पंचेचाळीस वर्षे रेडिओवर लोकांशी गप्पा मारल्या. त्यांचे 'वर्किंग' नावाचे पुस्तक १९७४ साली निघाले. त्यात माणसे कोण? हॉटेलात वाढणारी बाई, पोलादाच्या कारखान्यातला मजूर, पियानोचे सूर जुळवणारा, थडगी खणणारा! दिवसभर काय करता आणि ते करताना तुम्हाला काय वाटते, एवढेच ही माणसे सांगतात, आणि वाचणाऱ्याला पुस्तक खाली ठेवता येत नाही. मी ते वाचत होतो आणि ओसरीवर अडकित्ता वाजत होता. मला स्वतःची शरम वाटली. शिकागोचा थडगी खणणारा मला ठाऊक झाला होता. आमच्या अण्णांनी सदतीस वर्षे तिथे नेमके काय केले, ते ठाऊक नव्हते.

त्या संध्याकाळी वीज गेली होती. मी खुर्ची मांडली नाही. ओसरीच्या पायरीवर त्यांच्याशेजारी बसलो आणि म्हटले, "अण्णा, तुम्ही डबा न्यायचात त्यात काय असायचं हो?"

अण्णांनी सुपारी कातरली. काही बोलले नाहीत. माझ्या जिभेवर दुसरा प्रश्न आला होता, तो मी गिळला. अडकित्ता आणखी चार वेळा वाजला.

"पोळी-भाजी," ते म्हणाले. "तुझी आई करून द्यायची. ती नव्हती तेव्हा बटाट्याच्या काचऱ्या मीच करायचो. करपायच्या."

"आई कुठे होती?"

"येवल्याला, माहेरी. तुझ्या वेळेस. बावन्न साली."

आणि मग अण्णा बोलू लागले. १९४८ साली गांधीजींची तिकिटे निघाली, ती स्वित्झर्लंडहून छापून आणावी लागली होती. तसली नाजूक, फोटोसारखी छपाई तेव्हा आपल्याकडे होत नव्हती. १९५२ च्या ऑक्टोबरात संतकवींची सहा तिकिटे निघाली, तीच नाशकात त्या पद्धतीने छापलेली पहिली. कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि टागोर. अण्णांचे काम छापलेले ताव तपासण्याचे. रेघ हललेली, शाई फुटलेली दिसली की ताव बाजूला काढायचा. "दिवसभर डोळ्यांपुढे मीराबाई," अण्णा म्हणाले, "नारिंगी रंगाची. हजारो. पण त्यातली एकही आपली नव्हे. विक्रीला आली तेव्हा पोस्टात रांगेत उभा राहिलो आणि दोन आणे मोजून एक विकत घेतली."

"कशाला?"

"तुझ्या आईला पत्र लिहायचं होतं. दिवाळी तोंडावर आली होती."

येवल्याच्या घरी एक अडचण होती. जावयाचे पत्र आले की आजोबा ते स्वतः फोडत आणि ओटीवर बसून सगळ्या घराला वाचून दाखवत. त्यामुळे पत्रात लिहायचे तरी काय? अण्णांनी लिहिले, 'इकडील सर्व क्षेम. प्रकृतीस जपावे. पाकिटावरील तिकीट आमच्याकडील आहे, ते पाहावे.' बस. सगळा मजकूर एवढाच. उरलेले जे काही सांगायचे होते, ते त्या दोन आण्यांच्या मीराबाईने सांगायचे होते.

मी गप्प झालो. कारण ते पाकीट मला आठवले.

मी दहा-अकरा वर्षांचा असताना आम्हा मुलांत तिकिटे जमवण्याचे वेड होते. आईच्या ट्रंकेत तळाशी एक जुने पाकीट सापडले. मी त्याचा कोपरा कापला, वाटीभर पाण्यात भिजत घातला, तिकीट सोडवले आणि दुसऱ्या दिवशी शाळेत ते देऊन हंगेरीचे एक तिकोनी तिकीट घेतले. तिकोनी! माझ्या आनंदाला पारावार नव्हता. आईने ते कोपरा कापलेले पाकीट पाहिले, उलटसुलट केले आणि पुन्हा ट्रंकेत ठेवून दिले. ती रागावली नाही. संध्याकाळी अण्णांशी हळू आवाजात काहीतरी बोलली. अण्णांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि ते हातपाय धुवायला निघून गेले.

"अण्णा," मी कसेबसे म्हटले, "मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं नाहीस," अण्णा म्हणाले. त्यात राग नव्हता. ताव तपासताना दोष जसा दाखवावा, तसे म्हणाले.

इतक्यात अंधारातून, स्वयंपाकघराच्या दाराशी आईचा आवाज आला. ती केव्हापासून उभी होती कुणास ठाऊक. "आणि मीराबाई उलटी चिकटवली होती."

अण्णांचा अडकित्ता थांबला. "सेहेचाळीस वर्षांनी सांगतेस?"

"तुम्ही तरी कुठे विचारलंत?"

पुढे मी एका तिकीटवाल्याकडून ती मीराबाई मिळवली. महाग नव्हती. आईच्या हातावर ठेवली. तिने चष्मा लावून ती दिव्याशी धरली. "छान आहे," ती म्हणाली, "पण हिच्यावर शिक्का मद्रासचा आहे रे. ही आपली नव्हे." तरी तिने ती त्या कोपरा कापलेल्या पाकिटातच ठेवली. आता आई नाही, अण्णाही नाहीत. पाकीट माझ्या कपाटात आहे आणि अडकित्ताही.

हे सांगता सांगता आम्ही हॉटेलात येऊन बसलो होतो. समोर घाटावर दिवे लागले होते. चहा आला. भाचा म्हणाला, "मामा, पबमध्ये हातात पेला असतो तो एवढ्यासाठीच. गप्प बसायला काहीतरी निमित्त हवं असतं."

"तेच तर," मी म्हटले. "अण्णांना अडकित्ता होता. आपल्याला ही कपबशी आहे."

त्याने बशीत चहा ओतला. मी थोडा वेळ जाऊ दिला. त्याची बायको कशी आहे, बरोबर का आली नाही, पुढे काय ठरले आहे, हे सारे प्रश्न तीन दिवस माझ्या ओठांवर होते आणि घरातल्या प्रत्येकाच्या ओठांवर होते. त्यांतला एकही मी विचारला नाही.

"तुझ्याकडे सकाळचा चहा कोण करतं रे?"

तो नदीकडे पाहू लागला. बशीतला चहा निवला. घाटावरची एक बाई पाण्यात दिवा सोडून निघून गेली. मी काही बोललो नाही. फक्त मालकाला दोन बोटे दाखवली, आणखी दोन.

"मीच करतो," तो म्हणाला. "मार्चपासून."

आणि मी खुर्ची जरा पुढे ओढली.