आत्याचा बूट

आत्याच्या डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झाला. मांडीपासून खाली दोन लोखंडी पट्ट्या, त्यांना आवळणारे चामड्याचे पट्टे आणि पट्ट्यांची टोकं ज्याच्या टाचेत बसवलेली असतात तो जाडजूड बूट. हा कॅलिपर काढला की पाय नुसता लोंबतो. म्हणजे तो बूट हाच तिचा पाय. आमच्या घरात हे सगळ्यांना इतकं अंगवळणी पडलेलं, की अजिंठ्याला निघताना चढाचा विचार झाला, उन्हाचा झाला, फर्दापूरच्या फाट्यावरून पुढच्या बसमध्ये तिला चढवायचं कसं याचाही झाला. चित्रांच्या लेण्यांत पादत्राणं बाहेर काढावी लागतात, हे मात्र कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

आत्या चित्रकलेची शिक्षिका. तीस वर्षं तिने फळ्यावर अजिंठ्याचा पद्मपाणी काढला, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या पोरांकडून गिरवून घेतला. स्वतः कधी पाहिला नव्हता. पायथ्याशी 1, 2, 16 आणि 17 या लेण्यांच्या प्रतिकृती बांधल्याचं मी तिला एकदा सांगितलं, तर म्हणाली, "प्रतिकृती मीच जन्मभर काढल्यात रे."

वर जायला डोली केली. एक खुर्ची, तिला बांधलेले दांडे आणि चार माणसं. आत्या तीत ताठ बसली होती, श्वास रोखून, जणू त्याने वजन कमी होणार होतं. पुढचा डोलीवाला म्हणाला, "बाई, सैल बसा. तुम्ही आखडलात की आम्हालाच जड जातं." लेणी बघायला आलेली माणसं आधी तिलाच बघत होती. एका लहान मुलाने आपल्यालाही डोली हवी म्हणून भोकाड पसरलं, तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

डोलीला मी नावं ठेवणार नाही. त्या चौघांचं पोट तिच्यावर आहे, आणि हात धरावा कसा हे त्यांना आमच्यापेक्षा नीट कळत होतं. पण डोलीत बसलेल्याला पावलोपावली थांबा म्हणावं लागतं, चला म्हणावं लागतं, शिवाय ओशाळावं लागतं. मी पायऱ्या चढलो तेव्हा पायऱ्यांचे आभार मानल्याचं मला आठवत नाही.

अशा जागी उतार, कठडे असलं काही मागितलं की हमखास ऐकू येतं : वारसा आहे, त्याला हात लावता येत नाही. अजिंठ्यात हे वाक्य जरा लंगडतं. नालाकृती कड्यात तीस लेणी आहेत आणि पूर्वी बऱ्याच लेण्यांना खाली वाघोरा नदीपर्यंत आपापला जिना होता. शेजारच्या लेण्यात जायलाही भिक्षूंना बहुधा चढउतार करावा लागत असणार. आज आपण ज्या सलग वाटेवरून एका लेण्यातून दुसऱ्यात जातो, ती अलीकडची. धडधाकट पायांसाठी कड्याला हात लागला, तेव्हा कुणाला तो वारशाचा भंग वाटला नाही.

तरी सगळंच सोपं नाही, हेही खरं. उतार चाकांच्या खुर्चीला झेपायचा तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. 3 फुटांच्या पायऱ्यांना 36 फूट. लेण्यासमोर तेवढी जागा काढायची कुठून? कडा शेवटी कडा आहे. 2016 च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले. कड्याला त्याची खबर नाही.

पण मनात आलं तर काय होतं, हेही आपण पाहिलंय. जानेवारी 2001 मध्ये स्टीफन हॉकिंग भारतात आले, तेव्हा दिल्लीतल्या काही ऐतिहासिक वास्तूंत त्यांच्या खुर्चीसाठी तात्पुरते लाकडी उतार टाकले गेले. आत्याने ती बातमी तेव्हा कापून ठेवली होती. तिचं म्हणणं एवढंच, की पाहुणा उठला की आपण सतरंजी गुंडाळतो.

तर पहिलं लेणं. रखवालदार बुटाकडे बघत राहिला, मग पट्ट्यांकडे. नियम काही त्याने केलेला नव्हता, आणि चुकीचाही नव्हता. काय करावं हे त्याला सुचेना, आम्हालाही. आत्या परत डोलीकडे वळायला लागली. तेवढ्यात मघाच्याच डोलीवाल्याने खांद्यावरचं उपरणं काढलं, खाली बसला आणि बुटाला घोट्यापर्यंत गुंडाळून गाठ मारली. "आता राहिलं का पादत्राण?" त्याने रखवालदाराला विचारलं. रखवालदार बाजूला सरकला.

आत अंधुक उजेड. गाभाऱ्याच्या डाव्या अंगाला तो उभा, हातात निळं कमळ, मान कललेली. आत्याने माझा खांदा धरला होता. मागून लोक पुढे सरकत होते, कुणाचा तरी धक्काही लागला. ती काही बोलली नाही, डोळेही पुसले नाहीत. फक्त तिचा मोकळा हात हवेत काहीतरी गिरवत होता.

बाहेर येऊन डोलीत बसली. उपरणं सोडून, झटकून तिने डोलीवाल्याला परत दिलं. वळणापर्यंत गप्पच. मग म्हणाली, "तीस वर्षं मी त्याची मान जास्त वाकवत होते रे. आता कुणाकुणाला सांगू?"