खटका

आमच्या घराण्यात तलवार नाही. पूर्वज कधी लढाईला गेल्याचा पुरावा नाही. गेलेच असतील तर हिशेब लिहायला गेले असावेत. त्यामुळे खंडेनवमीला आमच्या पाटावर जी शस्त्रे येतात, त्यांत विळी, अडकित्ता, कात्री, माझे फाउंटन पेन आणि वडिलांचा घडीचा चाकू एवढीच मंडळी असतात. मानाची जागा अर्थात चाकूला.

वडील चित्रकलेचे शिक्षक होते. हा चाकू त्यांच्या कोटाच्या डाव्या खिशात असे. शिसवी मूठ, तिच्या टोकांना पितळेच्या टोप्या आणि चार बोटे लांबीचे पाते. कंपासपेटीतल्या शार्पनरचा त्यांना मनापासून तिटकारा. वर्गातल्या पोरांच्या पेन्सिली ते स्वतः या चाकूने तासून देत, आणि तासताना लाकडाची सालपटे अशी अलगद पडत की जणू चाफ्याच्या पाकळ्याच. चाकू उघडला की आवाज होई : टक्! तो झाल्याशिवाय ते पाते कशालाही लावत नसत. “आधी खटका बोलू दे,” असे म्हणत.

१९९८ साली वडील गेले आणि चाकू माझ्याकडे आला. मला चित्र काढता येत नाही. पेन्सिल कानावर ठेवण्यापलीकडे माझा तिच्याशी संबंध नाही. मग मी दुसरे काय करणार? चाकूची पूजा करू लागलो. दर खंडेनवमीला त्याला हळद, कुंकू, अक्षता आणि, गंजू नये म्हणून, खटक्यात घरातल्या करडईच्या तेलाचे चार थेंब. नंतर मखमलीच्या तुकड्यात गुंडाळून पुन्हा कपाटात. पितृभक्ती याहून कमी श्रमात होत असेल असे मला वाटत नाही.

या वर्षी नातवाने आकाशकंदील घरीच करायचा हट्ट धरला. बाजारातले तयार कंदील त्याला ‘सगळ्यांसारखे’ वाटतात. बांबूच्या कामट्या आणल्या, त्या चिरायच्या होत्या, आणि त्याने विचारले, “आजोबा, तो पूजेतला चाकू कापतो का हो?”

प्रश्न मला झोंबला. मी चाकू काढला. पाते कुरकुरत उघडले. टक् झाले नाही. माझ्या ते लक्षात आले होते, हे इथे कबूल केले पाहिजे. पण नातू बघत होता. मी पात्याचे टोक कामटीत रोवून दाबले, आणि पाते मागे फिरून सरळ माझ्या तर्जनीवर मिटले. जिवावरचे शेपटावर निभावते म्हणतात. माझे नखावर निभावले. नख मध्ये नसते तर काय झाले असते, आणि ते बोट माझ्याऐवजी पोराचे असते तर काय झाले असते, याचा विचार मी त्या रात्री पुष्कळ वेळ करत होतो.

आता बंद झालेला तो चाकू पुरता उघडेना. शेजारच्यांनी हातोडी सुचवली. आमच्या शेजाऱ्यांचा प्रत्येक गोष्टीवर हाच उपाय असतो. गल्लीत धारवाला आला होता, त्याला दाखवला. त्याने डोळ्याजवळ नेऊन पाहिला, वास घेतला आणि म्हणाला, “साहेब, धारेचं काही नाही. खाचेत काहीतरी चिकट बसलंय. ते काढा. ठोकू मात्र नका.” पैसे घेतले नाहीत. अशी माणसे अजून आहेत.

दुपारी चष्मा लावून, खिडकीशी बसून, आयुष्यात प्रथमच मी तो खटका नीट पाहिला. रचना इतकी साधी की लाज वाटावी. मुठीच्या पाठीत एक पोलादी पट्टी आहे. तिच्या मध्यावर खिळा. त्यावर ती तराजूच्या दांडीसारखी डोलते. पुढच्या टोकाला दात, पात्याच्या बुडाला खाच. मागच्या टोकाखालची कमान त्या टोकाला वर रेटते, म्हणून पुढचा दात खाली बसतो; पाते पूर्ण उघडले की दात खाचेत पडतो आणि आवाज होतो. मिटताना मागचे टोक दाबायचे, दात उचलला जातो. दात खाचेत पुरता बसला नाही, तर चाकू उघडलेला दिसतो खरा, पण तो नुसता तोल सांभाळून उभा असतो.

आणि ती खाच भरली होती. डिंकासारखा पिवळा-तपकिरी थर. त्यात कुंकवाची रेघ, तांदळाचा एक कण. करडईचे तेल मशीनच्या तेलासारखे नसते. ते हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते, शेवटी रोगणासारखे वाळते. जवसाचेही तसेच, म्हणून तर चित्रकार त्यात रंग कालवतात आणि तैलचित्र वाळते. आमच्या घरात जवसाच्या तेलाची बाटली माझ्या लहानपणी कायम असे. झाकण घट्ट लावले नाही म्हणून वडिलांच्या शिव्याही मी खाल्ल्या होत्या. चित्रकाराच्या मुलाने हे विसरावे!

पूर्वी असते तर रॉकेलात ब्रश बुडवला असता. आता घरात रॉकेलचा थेंब नाही. मग गरम पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवला, जुना दातांचा ब्रश घेतला, आणि चाकू भिजत न घालता (लाकूड फुगते) फक्त खाच घासू लागलो. दोन मिनिटांत पाणी लालभडक! ही स्वयंपाकघरातून धावत आली. “अहो, पुन्हा कापलंत?” रक्त नव्हते, सोड्याने हळद लाल झाली होती. वरणाचा डाग पडलेल्या शर्टाला साबण लावल्यावर होतो तोच प्रकार. ही म्हणाली, “इतकी हळद तर मी लग्नातसुद्धा लावून घेतली नव्हती.”

दातकोरण्याने कोपरे उकरले, फडक्याने पुसले, दोन दिवस पंख्याखाली वाळवला. मग हिच्या शिवणयंत्राचे तेल, पात्याच्या खिळ्याला एकच थेंब, वरचे पुसून टाकलेले. खाचेत तेल घातले नाही. तिथे धूळ धरते. तिथे कोरडेच काहीतरी हवे होते. वडिलांच्या पेटीत सहा बी पेन्सिलीचा बोटभर तुकडा होता. तिचे काळे मऊ शिसे (खरे म्हणजे ते ग्राफाइट) मी दातावर आणि खाचेत घासले.

पाते उघडले.

टक्!

नातू म्हणाला, “बोलला!” त्याला ते वाक्य कुणी सांगितले होते कोण जाणे. मी तरी सांगितले नव्हते. तरीही लगेच त्याच्या हाती दिला नाही. आधी पात्याची पाठ पाटावर चारदा हलकेच आपटून पाहिली, बोटे दूर ठेवून. दात हलला नाही. मग कामट्या मी चिरल्या आणि कंदिलाचा कागद त्याने कापला. कंदील जरा डावीकडे कलला आहे. गॅलरीत वारा असतो.

चाकू कपाटात परत गेलेला नाही. काल पाहिले तर ही त्याने दुधाची पिशवी कापत होती. माझ्या तोंडापर्यंत काहीतरी आले होते. तेवढ्यात तिने मागचे टोक दाबून तो मिटला, पदराला पुसला आणि चमच्यांच्या खणात टाकून दिला.