राखेखालचा निखारा

वाचकहो, आपल्या घरी दमा असलेले मूल असेल, तर माझ्या हातून घडलेली एक चूक आपल्याला सावध करील, या हेतूने हे लिहीत आहे.

माझी मुलगी नऊ वर्षांची. गेल्या पावसाळ्यानंतर तिचा खोकला थांबला, रात्रीची घरघर गेली. ‘‘पोर बरी झाली, आता कशाला तो पंप? सवय लागेल,’’ असे सासूबाई म्हणाल्या आणि मलाही ते पटले. रोजचा स्टेरॉइडचा पंप मी डॉक्टरांना न विचारताच बंद केला.

दीड महिन्याने तपासणीस गेलो. छाती स्वच्छ होती. तरीही डॉक्टरांनी तिला एका छोट्या यंत्रात सहा सेकंद संथ, एकसारखी फुंकर घालायला लावली. उच्छ्वासातील नायट्रिक ऑक्साइड मोजणारी ही चाचणी. बारा वर्षांखालील मुलांत हा आकडा 20 पीपीबीपेक्षा कमी असल्यास श्वासनलिकांत ॲलर्जीजन्य दाह असण्याची शक्यता कमी. 35 च्या वर गेल्यास ती बरीच वाढते. तिचा आकडा 52 आला.

‘‘ताई, पंप रोज चालू आहे ना?’’ डॉक्टरांनी विचारले. मी मान खाली घातली.

त्यांनी रागावण्याऐवजी समजावून सांगितले. श्वासनलिका आकसल्या की घरघर ऐकू येते. आतील अस्तराची सूज मात्र आवाज न करताही टिकून राहते. सुजलेले अस्तर अधिक नायट्रिक ऑक्साइड निर्माण करते, म्हणून तो उच्छ्वासात सापडतो. मला माहेरची चूल आठवली. धूर थांबला तरी राखेखाली निखारा धगधगत असे.

मात्र या आकड्यालाच सर्वस्व मानू नका. ॲलर्जीच्या सर्दीनेही तो वाढतो, आणि काही मुलांना आकडा कमी असूनही धाप लागते. म्हणूनच डॉक्टर आकडा, लक्षणे आणि फुप्फुसांची क्षमता यांचा एकत्रित विचार करतात. ही चाचणी सर्वत्र उपलब्ध नसते. पण रात्रीचा खोकला, खेळताना लागणारी धाप आणि तातडीच्या पंपाची किती वेळा गरज पडली, याची नोंद आपण घरीच ठेवू शकतो.

पंप पुन्हा सुरू झाला. तीन महिन्यांनी आकडा 21 वर आला. पंपानंतर चूळ भरण्याची आठवण आता सासूबाईच तिला करतात. मात्रा कमी करायची की नाही, हे डॉक्टर ठरवतील. आपणही तो निर्णय त्यांच्यावरच सोपवावा, एवढीच विनंती.