काळ्या रंगातली बर्थ

फ्रेंच चित्रकार मानेनं १८७२ मध्ये रंगवलेली बर्थ मोरिझो आज पुन्हा बराच वेळ बघत बसले. मूळ चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात. माझ्यापुढे पुस्तकातली छपाई. काळी टोपी, काळा पोशाख, गळ्याशी काळी फीत, तरी चित्र सुतकी वाटत नाही. उजेड एका बाजूनं येतो. अर्धा चेहरा लख्ख, अर्धा सावलीत. सुटलेल्या बटा कुठे संपतात आणि फिती कुठे सुरू होतात, पत्ता लागत नाही. छातीशी व्हायोलेटची फुलं, कुंचल्याच्या दोनचार फटकाऱ्यांत उरकलेली. तिचे डोळे हिरवे होते म्हणतात. मानेनं सरळ काळे करून टाकले. पठ्ठ्या धीट!

मला खटकतं ते वेगळंच. बर्थ स्वतः पक्की चित्रकार. १८७४ च्या पहिल्या इम्प्रेशनिस्ट प्रदर्शनात तिची चित्रं होती, मानेची नव्हती. त्याच वर्षी तिनं त्याच्या भावाशी, यूजेनशी लग्न केलं. मानेनं तिला कितीदा तरी रंगवलं. पंखा दिला, फुलं दिली, हातात कुंचला एकदाही नाही. त्याची शिष्या एवा गोन्झालेस मात्र त्याच्या चित्रात ईझलपुढे ऐटीत बसलेली. बर्थला राग आला नसता तरच नवल!