नऊ-सहा, आठ-पाच

लास व्हेगासमध्ये व्हिडिओ पोकरच्या मशीनवर बसण्याआधी फक्त दोन आकडे बघायचे, हे मला काकांनी शिकवलं. फुल हाउसला किती देतात आणि फ्लशला किती. 'जॅक्स ऑर बेटर' हा त्यातला सगळ्यात साधा प्रकार. त्यात नऊ आणि सहा लिहिलेलं असेल, तर अचूक खेळणाऱ्याला लांबच्या हिशेबात १०० डॉलरमागे ९९.५४ परत मिळतात. आठ आणि पाच असेल तर ९७.३०. मशीन तसंच, खुर्ची तशीच, पत्तेही तेच बावन्न. फरक काचेवरच्या दोन आकड्यांचा.

काका सख्खे नव्हेत. आमच्या मराठी मंडळातले. जन्मभर विमा कंपनीत मृत्यूचे तक्ते मांडून निवृत्त झालेले. स्लॉट मशीनकडे ते बघायचेसुद्धा नाहीत. "अरे, त्यात आत काय आहे ते कुणाला माहीत? इथे निदान पाटीवर लिहिलंय," असं म्हणायचे. ते खरंही आहे. नेवाडाच्या नियमांनुसार पडद्यावर पत्ते दाखवणाऱ्या मशीनला ते खऱ्या कॅटासारखेच, समान शक्यतेने वाटावे लागतात. म्हणून पाटी वाचली की घराचा वाटा कागद-पेन्सिलीने काढता येतो. कुठल्या हातात काय ठेवायचं याचीही एक यादी असते. फ्लशला एकच पत्ता कमी असेल तर हातातली छोटी जोडी मोडायची, पण गुलाम किंवा त्यावरची जोडी मोडायची नाही. आणि रॉयल फ्लशला एक पत्ता कमी असेल तर तयार फ्लशसुद्धा मोडायचा. हे शेवटचं करताना पहिल्यांदा माझा हात थरथरला होता.

पाव डॉलरच्या मशीनवर पाच नाणी लावली की एका डावाला सव्वा डॉलर. पाचच लावायची, कारण पाच लावल्यावर रॉयलला ४००० नाणी मिळतात, चार लावली तर फक्त १०००. तासाला सहाशे डाव झाले तर ७५० डॉलर मशीनमधून फिरतात. नऊ-सहावर त्यातले सरासरी साडेतीन डॉलर जातात. सिनेमाच्या तिकिटापेक्षा स्वस्त करमणूक, असं मी बायकोला अभिमानाने सांगितलं होतं.

मग कार्ड आलं.

प्रत्येक कॅसिनोचं आपापलं कार्ड असतं. मशीनमध्ये सरकवलं की फिरवलेल्या रकमेवर पॉइंट्स जमतात. माझ्या कॅसिनोत व्हिडिओ पोकरला १० डॉलरमागे एक पॉइंट आणि १०० पॉइंट्सचा एक डॉलर, म्हणजे हजारामागे एक. स्लॉटवाल्यांना याच्या दुप्पट, कारण ते हरतातही जास्त. एरवी एक दशांश टक्क्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नसतं. पण काही दिवस 'तिप्पट पॉइंट्स' असायचे, आणि ते नऊ-सहा मशीनना लागू नसायचे. आठ-पाचला असायचे.

इथे मी एक्सेल उघडली. एक दशांश ऐवजी तीन दशांश, वर फुकट जेवण, वर खोली. आपण काहीतरी हुशारी करतोय असं वाटत होतं. साधं त्रैराशिक मांडलं असतं तर दिसलं असतं, की तासाला सव्वादोन डॉलरच्या पॉइंट्ससाठी मी जवळजवळ सतरा डॉलर जास्त हरायला तयार झालो होतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. पण पॉइंट्स पडद्यावर वाढताना दिसतात. टक्केवारी दिसत नाही.

आणि एक गोष्ट झाली, तिने मला पुरतं फसवलं. मी आठ-पाचवर बसायला लागल्यापासून घरी येणारी पत्रकं सुधारली. आधी सोमवार ते गुरुवार एक रात्र फुकट, मग दोन रात्री, मग शनिवारसुद्धा. पत्रावर माझं नाव छापलेलं. मला वाटलं आपली पत वाढतेय. पत खरंच वाढत होती. कॅसिनो तुम्ही जिंकलात की हरलात यावर आमंत्रण पाठवत नाही. ज्या मशीनवर बसलात तिचा घराचा वाटा गुणिले फिरवलेली रक्कम, म्हणजे तुम्ही हरायला हवे होते इतके पैसे, त्यावर पाठवतो. नऊ-सहावर बसणाऱ्या काकांना वाढदिवसाचं एक कूपन यायचं. मला शनिवारची खोली. मी त्यांना ते पत्र दाखवलं होतं, थोडं मिरवतच. त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि विचारलं, "कुठल्या मशीनवर बसतोस रे हल्ली?" मी विषय बदलला.

त्या वर्षी अकरा फेऱ्या झाल्या. लॉस एंजेलिसहून बारस्टोवरून वाळवंटातून चार-साडेचार तास. बायको दोनदा आली. बाकीच्या वेळी मी तिला सांगायचो, की काकांना सोबत हवी आहे.

मार्चमध्ये करसल्लागाराने कॅसिनोचं वार्षिक विवरण मागितलं. कार्डवर झालेल्या सगळ्या खेळाचा जमाखर्च तिथे उतरवून घेता येतो. माझी खात्री होती की मी थोडा वरच आहे. फोनमध्ये बदामच्या रॉयल फ्लशचा फोटो होता, हजार डॉलरचा. रॉयल चाळीसेक हजार डावांत एकदा येतो, मला आला होता, आणि तो दिवस मला मिनिटामिनिटाने आठवत होता. बाकीचे बावन्न हजार डाव आठवत नव्हते. विवरणात होते. ६६,००० डॉलर फिरवले, २,१४० हरले. रॉयल धरून.

विवरण बायकोनेच छापून घेतलं होतं, कारण करांच्या फायली ती लावते. मी लगेच एक्सेल दाखवायला गेलो. बावीस रात्री, संकेतस्थळावरच्या दराने ११० डॉलर, म्हणजे २,४२० ची खोली फुकट. "म्हणजे आपण २८० डॉलर वरच आहोत."

ती म्हणाली, "खोली फुकट नसती तर आपण किती वेळा गेलो असतो?"

"एकदा. फार तर दोनदा."

मग तिने विवरणातला ऑक्टोबर दाखवला. विवरण महिन्यावार होतं, ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ऑक्टोबरमध्ये दोन फेऱ्या. "काका तर तेव्हा साताऱ्यात होते," ती म्हणाली. "काकूंनी मला तिथून कंदी पेढे आणले होते."

ते पेढे मीही खाल्ले होते. यावर मला काहीही सुचलं नाही. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिने कागद फायलीत लावला आणि पंच करून टाकला. पुढचे काही आठवडे घरात फक्त कामापुरतं बोलणं होतं.

उन्हाळ्यात आम्ही चौघं गेलो, काकूंना झायन बघायचं होतं म्हणून. वाटेत एक रात्र व्हेगासला, पैसे देऊन घेतलेल्या खोलीत. काका आपल्या नेहमीच्या मशीनपाशी गेले, वाकून पाटी वाचली आणि परत आले. आठ-पाच झालं होतं. ते बसले नाहीत.

माझ्या कार्डावर ३८ डॉलरचे पॉइंट्स उरले होते, ते आम्ही कॉफी शॉपमध्ये संपवले. तीन सँडविच, एक सूप. टीप रोख दिली. बायकोने काकांना विचारलं, "काका, हे ३८ डॉलर आम्हाला कितीला पडले असतील हो?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि पेपर नॅपकिनवर मांडलं. साधे पॉइंट्स धरले तर ३८,००० डॉलर फिरवावे लागले, आठ-पाचवर त्याचे २.७ टक्के. आकडा काढून त्यांनी नॅपकिन तिच्याकडे सरकवला. १,०२६.

तिने तो वाचला, वेट्रेसला हाक मारली आणि उरलेलं अर्धं सँडविच बांधून द्यायला सांगितलं.