एका रिपोर्टाची पाठचिकित्सा

गेल्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. आईंना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, म्हणून डॉक्टरांनी वर्षाची रक्ततपासणी सांगितली होती. (आम्हां दोघांपैकी एकाची ती आई, दुसरीच्या सासूबाई, पण आम्हां दोघांच्याही तोंडी 'आई'च आहे, तेव्हा या लेखातही तसेच.) गावातल्या एका लॅबमधला मुलगा सकाळी घरी येऊन रक्त घेऊन गेला. संध्याकाळी रिपोर्ट आला. त्यात पोटॅशियम होते 8.9.

हा आकडा आम्हांला काहीही सांगत नव्हता. समासात छापलेली मर्यादा 3.5 ते 5.1 अशी होती आणि आकड्यापुढे दोन चांदण्या होत्या, एवढेच आम्हांला वाचता आले. डॉक्टरांना फोन केला तेव्हा त्यांचा आवाज बदलला. एवढ्या पोटॅशियमने हृदय कोणत्याही क्षणी थांबू शकते, आत्ताच्या आत्ता मिरजेला न्या, म्हणाले. आई तेव्हा ओट्याशी बसून गवार निवडत होत्या. त्यांना काय सांगावे हे आम्हांला सुचेना. दोघेही मराठी शिकवतो, शब्दांवर पोट आहे, आणि त्या घटकेला एक वाक्य धड जुळवता आले नाही. शेवटी आईच म्हणाल्या, "जायचंच असेल तर भाजी फ्रीजमध्ये टाकते."

मिरजेला पोहोचेपर्यंतचा तास आम्ही कधी विसरणार नाही; पण त्याचे वर्णन इथे करत नाही. तिथल्या रुग्णालयात प्रथम हृदयाचा आलेख काढला. तो स्वच्छ होता. रात्रपाळीची डॉक्टर वयाने आमच्या विद्यार्थिनींएवढी. तिने रिपोर्ट हातात घेतला, आणि आम्ही ज्या ओळीवर खिळून बसलो होतो ती सोडून खालची ओळ वाचली. कॅल्शियम 4.6. तिथेही चांदण्या होत्या. आमच्या डोळ्यांना त्या दिसल्याच नव्हत्या. तिने आईंनाच विचारले, "आजी, सकाळी रक्त किती बाटल्यांत घेतलं?"

आईंचे उत्तर आम्ही शब्दशः उतरवतो. "दोन. एक लाल टोपणाची, एक जांभळ्या. लाल कमी भरली, म्हणून त्या पोरानं जांभळीतलं थोडं तिच्यात ओतलं. मी म्हटलं, बाळ, ओतू नको. तर म्हणाला, आजी, रक्त तुमचंच आहे की."

डॉक्टर हसली. मग तिने पुन्हा रक्त घेतले, आणि तासाभराने आलेल्या उत्तरात पोटॅशियम होते 4.3.

त्या रात्री काय घडले ते आम्हांला नंतर नीट समजले. जांभळ्या झाकणाच्या नळीत (लॅबमधली मंडळी तिला 'बल्ब' म्हणतात) रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए नावाचे द्रव्य घातलेले असते, तेही पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात. ते रक्तातले कॅल्शियम धरून ठेवते. कॅल्शियम मोकळे नसले की रक्त गोठत नाही. पेशी मोजायच्या असतील तर हे उत्तमच. पण त्यातले रक्त लाल नळीत ओतले की नळीतले पोटॅशियम रुग्णाच्या नावावर चढते आणि रुग्णाचे कॅल्शियम हरवते. म्हणजे यंत्राने चूक केलीच नव्हती. त्याच्यापुढे जे आले ते त्याने बिनचूक मोजले. ते फक्त आईंचे रक्त उरले नव्हते.

पाठचिकित्सा शिकवणाऱ्याला यात ओळखीचे काही दिसले नाही तरच नवल. पोथीत एका जागी विचित्र शब्द आला तर तो लेखनिकाचा हस्तदोष की कवीचे वेगळेपण, हे त्या एका शब्दावरून ठरवता येत नाही. शेजारच्या ओळी पाहाव्या लागतात. एकाच कारणाने दोन जागा बिघडलेल्या दिसल्या की ते कारण सापडते. त्या मुलीने केले ते हेच. वीस वर्षे आम्ही वर्गात एकनाथांनी शके 1506 मध्ये केलेल्या ज्ञानेश्वरीच्या पाठशुद्धीविषयी बोलत आलो. आणि घरच्या माणसाच्या जिवावर बेतले तेव्हा एका ओळीपुढे वाचले नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही मिरजेतल्या ज्या प्रयोगशाळेत दुसरी तपासणी झाली तिथे गेलो. आभार मानायला गेलो होतो असे आम्ही म्हणतो. खरे तर कुतूहल होते. तिथल्या मुख्य तंत्रज्ञ, ज्यांना सगळे ताई म्हणतात, आम्हांला आत घेऊन गेल्या. भिंतीवर मान्यतेचे प्रमाणपत्र होते. आयएसओ 15189 हे वैद्यकीय प्रयोगशाळांसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक प्रथम 2003 मध्ये आले, त्याची चौथी आवृत्ती 2022 ची. आपल्याकडे 'एनएबीएल' ही संस्था त्यानुसार प्रयोगशाळांना मान्यता देते. ही मान्यता ऐच्छिक आहे, म्हणजे ती नसली तरी पाटी लावून लॅब चालवता येते, हेही त्याच दिवशी कळले.

आम्हांला वाटत होते की 'गुणवत्ता' म्हणजे महागडे यंत्र. ताईंनी यंत्राकडे बोट दाखवलेच नाही. त्यांनी आलेख दाखवला. रोज सकाळी रुग्णांचे नमुने लावण्याआधी त्या यंत्राला एक असा नमुना देतात, ज्याचे उत्तर आधीच ठाऊक असते. त्याला 'कंट्रोल' म्हणतात. यंत्राने दिलेले उत्तर त्या दिवसाच्या तारखेवर ठिपक्याने मांडायचे. मधोमध सरासरीची रेघ, वर-खाली प्रमाण विचलनाच्या समांतर रेघा. असा आलेख कारखान्यातल्या मालासाठी शूहार्टने 1924 मध्ये अमेरिकेत प्रथम काढला, आणि लेव्ही व जेनिंग्ज यांनी 1950 मध्ये तो वैद्यकीय प्रयोगशाळेत आणला. त्याआधी तीन वर्षे, 1947 मध्ये, बेल्क आणि संडरमन यांचा एक लेख प्रसिद्ध झाला होता. त्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या रुग्णालयांच्या प्रयोगशाळांना सारखेच नमुने पाठवून उत्तरे मागवली, आणि त्यांतली पुष्कळशी उत्तरे स्वीकारता येण्याजोगी नव्हती. या साऱ्या व्यवस्थेचे मूळ अशा ओशाळलेपणात आहे, हे आम्हांला आवडले.

त्या ठिपक्यांच्या वाचनाचे नियम आहेत. वेस्टगार्ड यांनी 1981 मध्ये ते सांगितले. एखादा ठिपका तीन विचलनांच्या बाहेर गेला तर काम थांबवायचे, हे कुणालाही पटेल. आम्ही थबकलो तो नियम वेगळा. लागोपाठ दहा ठिपके सरासरीच्या एकाच बाजूला पडले, तर ते सगळे मर्यादेच्या आत असले तरी थांबायचे. दहांपैकी एकही चुकीचा नाही. पण दहाही एकीकडे कललेले आहेत. चूक एका उत्तरात नसून कलण्यात आहे. ताई म्हणाल्या, "विखुरणं वेगळं आणि झुकणं वेगळं, मॅडम. विखुरलेलं लगेच दिसतं. झुकलेलं सवयीचं होतं."

हे वाक्य आम्ही घरी घेऊन आलो आणि त्याने आमची झोप उडवली. आम्ही दोघेही दरवर्षी काही शे उत्तरपत्रिका तपासतो. आमच्या लाल पेनासाठी कंट्रोल कुठे आहे? अंतर्गत चाचणीतली तीन उत्तरे आम्ही नावे झाकून छायाप्रत केली, दोघांनी वेगवेगळे गुण दिले, कागद पाकिटात बंद केले, आणि दीड महिन्याने पहिले गुण न पाहता पुन्हा तपासले. आमच्यापैकी एकाने त्याच उत्तराला आधी दहापैकी सहा आणि नंतर चार दिले होते. दुसऱ्याचे गुण दोन्ही वेळा जवळजवळ तेच, पण तिन्ही उत्तरांना पहिल्यापेक्षा दीड-दोनने कमी. एक विखुरलेला, एक झुकलेला. कोण कुठला, ते सांगण्याची जबाबदारी आम्ही अजून एकमेकांवर ढकलतो आहोत. दोन गुणांनी प्रथम वर्ग हुकलेले चेहरे मात्र त्या रात्री आठवत राहिले.

पुन्हा प्रयोगशाळेकडे येतो. ताईंच्या टेबलावर नोंदवह्यांची चळत होती. फ्रीजच्या तापमानाची वही, शुद्ध पाण्याची वही, परत पाठवलेल्या नमुन्यांची वही (रक्त गोठले, नळी अर्धी भरली, नावात फरक), जीवघेणे आकडे डॉक्टरांना किती वाजता फोन करून कळवले त्याची वही. आम्ही सरकारी कागदांना विटलेली माणसे. आमच्या चेहऱ्यावर ते दिसले असावे. ताई म्हणाल्या, कागदांत खोटेही लिहिता येते. फ्रीज 2 ते 8 अंशांत असला पाहिजे. महिनाभर रोज 4 लिहिलेले दिसले की त्या वही बाजूला ठेवून फ्रीज उघडून बघतात. फार स्वच्छ पोथीवर संशोधकाने संशय घ्यावा, तसाच हा प्रकार. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या बाह्य गुणवत्ता योजनेतून येणाऱ्या नमुन्याचे उत्तर लॅबला ठाऊक नसते, आणि तो रोजच्या रुग्णासारखाच तपासायचा असतो. "मोह होतो हो," त्या म्हणाल्या. "दोनदा लावावा, ओळखीच्या लॅबला विचारावं. पण मग ती परीक्षा आपली राहत नाही." नॅकची समिती येणार म्हणून रातोरात रंगवलेल्या भिंती आम्ही पाहिल्या आहेत. त्यामुळे आम्ही गप्प बसलो.

सगळ्यांत खालची वही चुकांची होती. काय चुकले, कुणाच्या लक्षात आले, कारण काय, पुढे काय केले. ज्याच्या हातून चूक झाली त्याच्यावर ओरडायचे नाही, असा त्यांचा दंडक. ओरडले की वही कोरी राहते. आणि रिपोर्ट एकदा बाहेर गेला, मग त्यात चूक निघाली, तर? नवा रिपोर्ट 'सुधारित' असे छापून द्यायचा, त्यावर जुन्याचा संदर्भ द्यायचा, आणि जुना जपून ठेवायचा. जुना नाहीसा करण्याला परवानगी नाही.

भांडारकर संस्थेने 1919 ते 1966 एवढा काळ घालवून महाभारताची जी चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली, तिच्या पानांवर वर संहिता आणि खाली नाकारलेले पाठ आहेत. विद्यार्थी तळटीपांना कंटाळतात. आम्ही त्यांना सांगतो, संपादक जे नाकारतो ते तो लपवत नाही, म्हणून आपण त्याच्या निवडीवर विश्वास ठेवतो. लॅबच्या वहीत हेच तत्त्व एका सुवाच्य, घाईच्या अक्षरात लिहिलेले होते.

आमच्या गावातल्या लॅबच्या मालकांकडे आम्ही तक्रार घेऊन गेलो होतो. ते अतिशय सौजन्याने वागले. यंत्र नवे आहे, असे कधी झालेले नाही, म्हणाले. पैसे परत दिले. आणि म्हणाले, "तो जुना रिपोर्ट द्या सर, फाडून टाकतो." आम्ही दिला नाही. त्यांनी आग्रहही केला नाही. मुलाला बोलावून काही विचारतील असे वाटले होते. तो बाहेरच्या बाकावर बसला होता, पण त्याला कुणी हाक मारली नाही.

दिवाळीनंतर तो आठवडी बाजारात भेटला. आमच्याच महाविद्यालयात दोन वर्षे होता, मग घरच्या अडचणीने सोडले. ती लॅब त्याने सोडली होती आणि आता मिरजेच्या एका प्रयोगशाळेच्या संकलन केंद्रावर लागला होता. "आजी कशा आहेत?" त्याने विचारले. तेव्हा आम्हांला कळले की त्याला काहीच ठाऊक नाही. भाजीच्या पिशव्या पायाशी ठेवून आम्ही त्याला सगळे सांगितले. जांभळे झाकण, पोटॅशियम, कॅल्शियम, तो तास. नव्या जागी त्याला पहिल्याच आठवड्यात नळ्यांचा क्रम शिकवला होता, आधी लाल, मग जांभळी, आणि ओतायचे नाही, हेही. का, ते त्याने विचारले नव्हते. आता तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, मी तिथं दीड वर्ष होतो. कमी पडलं की ओतायचोच."

आम्ही त्याला काही उत्तर देऊ शकलो नाही. ती माणसे कोण, त्यांच्या रिपोर्टांवर कुणी काय औषध दिले, हे शोधायला कुठलीही वही नव्हती.

यंदा आईंच्या तपासणीची वेळ आली तेव्हा आम्ही त्यालाच बोलावले. आई बाही वर सारून, चष्मा लावून बसल्या. त्याने सुई लावली. नळ्या हातात घेतल्या तशा त्या म्हणाल्या, "आधी लाल ना?"

"हो आजी," तो म्हणाला. "लाल पूर्ण भरू दे."